अंग एक सांगतं, मन दुसरं

सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसलो होतो. मैत्रीण हळूच म्हणाली, "ती कादंबरी अर्ध्यात सोडली बघ. नायक हुकूम सोडतो, ती मान खाली घालून ऐकते. वाचताना किळस येत होती आणि अंगही तापत होतं. माझंच काही बिघडलंय का गं?"

काहीही बिघडलेलं नाही. कॅनडातल्या संशोधक मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १३२ अभ्यास एकत्र तपासले. शरीरात मोजलेली उत्तेजना आणि त्या व्यक्तीला स्वतःला जाणवलेली उत्तेजना यांचा मेळ किती बसतो, हा प्रश्न होता. पूर्ण मेळ म्हणजे १ धरला, तर पुरुषांत तो ०.६६ भरला आणि स्त्रियांत अवघा ०.२६. लैंगिक काही समोर आलं की अंग आपसूक जागं होऊ शकतं, मनाला ते आवडो वा न आवडो. त्याला संमती म्हणता येत नाही. बळजबरीच्या प्रसंगातही असं घडू शकतं. त्याची लाज मनात दाबून जगणाऱ्या प्रत्येकीपर्यंत हे पोचलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

कल्पनांचंही तसंच. कॅनडाच्याच क्यूबेक प्रांतातल्या दीड हजारांवर प्रौढांच्या पाहणीत, कुणीतरी आपल्यावर वर्चस्व गाजवतंय अशी कल्पना सुमारे ६५ टक्के स्त्रियांनी आणि ५३ टक्के पुरुषांनी सांगितली. प्रत्यक्षात मात्र ते नको, असंही त्यातल्या अनेक स्त्रियांनी सांगितलं.

मग नको असलेल्या गोष्टीत गोडी येते कुठून? आपल्याच ताटात बघा. कडक भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाल्ला की डोळ्यांत पाणी येतं. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चिकटतं, तोच ग्राही ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनं जागा होतो. भाजत काहीच नाही, पण मेंदूला निरोप जातो 'भाजलं'. तरी आपण दुसरा घास घेतो. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन या आनंदाला निरुपद्रवी आत्मपीडा म्हणतात: शरीर धोक्याची हाकाटी करतं आणि मनाला ठाऊक असतं की आपण सुखरूप आहोत. वर्चस्वाच्या कथा चवीनं वाचणाऱ्यांचं बरंचसं असंच होत असावं.

पण हा ठेचा दुसऱ्यानं तोंडात कोंबला तर? सगळा फरक तिथं पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणानंही हीच रेघ ओढली आहे. दोन प्रौढांनी राजीखुशीनं केलेली वर्चस्व-शरणागती त्यात आजार म्हणून नाही. नको म्हणणाऱ्याला पीडा देण्याची तीव्र, टिकून राहणारी ओढ मात्र विकारांत आहे.

मी मैत्रिणीला विचारलं, "पुस्तक नेमकं कुठं मिटलंस?"

थोडा वेळ ती पाण्याकडं बघत राहिली. "तोवर तिलाही ते हवं होतं गं. मग एका रात्री ती 'नको' म्हणाली. आणि पुढच्या ओळीत ते कुणी ऐकलंच नाही. लेखकानंसुद्धा."