शीण उतरतो, नंबर उतरत नाही

डोळ्यांचा व्यायाम म्हटला की बहुतेक जण मान ताठ ठेवून बुबुळे गोल फिरवू लागतात, आधी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि मग उलटी. करायला सगळ्यांत सोपा आणि उपयोगाला सगळ्यांत कमी असा हा प्रकार आहे. डोळा फिरवणारे सहा स्नायू बाहेरून डोळ्याला जोडलेले असतात. जागेपणी नजर सेकंदाला दोन-तीन वेळा एका बिंदूवरून दुसऱ्यावर उडी घेते, म्हणजे दिवसभरात लाखाच्या वर उड्या होतात. एवढी मेहनत रोजच करणाऱ्या स्नायूंना आणखी दहा फेऱ्यांनी बळ ते काय येणार? गोल फिरवल्यावर बरे वाटते खरे, पण त्याचे श्रेय बरेचदा तेवढा वेळ स्क्रीनवरून हटलेल्या नजरेला आणि मिटलेल्या पापण्यांना द्यायला हवे.

म्हणून सगळे व्यायाम थोतांड ठरत नाहीत. डोळ्यांचा शीण मुख्यतः तीन ठिकाणी येतो: बुबुळावरच्या अश्रूंच्या थरात, डोळ्याच्या आतल्या फोकस साधणाऱ्या स्नायूत आणि दोन्ही डोळ्यांनी जोडीने आत वळण्याच्या कामात. तिघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी दुखणे कुठले ते ओळखावे. वाचता वाचता अक्षरे धूसर झाली आणि दोन-तीनदा पापण्या नीट मिटल्यावर लख्ख झाली, तर संशय अश्रूंवर. तासभर जवळचे काम करून मान वर केली, लांबचे काही क्षण अंधुक दिसले आणि मग सावकाश स्पष्ट झाले, तर फोकसवर. अक्षरे हलतात, ओळ सुटते, एकाची दोन दिसतात आणि एक डोळा झाकला की सगळे जागच्या जागी येते, तर जोडीवर. एकाच माणसात दोन तक्रारी सोबत असणे नवलाचे नाही.

पापणीचा हिशेब

एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लवते. स्क्रीनला डोळे लावून बसलो की हा आकडा पाच-सातवर येतो. पापणीने पसरवलेला अश्रूंचा थर निरोगी डोळ्यात दहा सेकंद किंवा थोडा जास्त वेळ सलग टिकतो, मग जागोजागी फाटतो. मिनिटाला पाचच वेळा पापणी लवली तर दोन खेपांमध्ये बारा सेकंद जातात. म्हणजे थर फाटून गेल्यावर पापणी पोहोचते. आग होणे, खुपणे आणि मधूनच भळकन पाणी येणे ही त्याचीच लक्षणे. ‘डोळ्याला पाणी येते, मग तो कोरडा कसा?’ हा प्रश्न नेहमीचा आहे. कोरड्या जागेच्या टोचणीमुळेच ते पाणी सुटते. पण घाईने आलेले हे पाणी गालावर ओघळते आणि डोळ्यावर ठरत नाही.

अश्रू टिकवून धरते ते वरचे तेल. ते पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते, आणि पापण्या पुरत्या मिटल्या की बाहेर ढकलले जाते. स्क्रीनसमोर पापण्या कमी तर लवतातच, शिवाय अर्ध्याच लवतात: वरची पापणी निम्म्यावर येते आणि परत जाते. त्यामुळे बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहतो. कामात असताना फोनवर स्वतःच्या चेहऱ्याचे दोन मिनिटे चित्रण करा आणि ते संथ गतीने पाहा. वरची पापणी खालच्या पापणीला टेकताना किती वेळा दिसते ते मोजले की पुरे.

व्यायाम असा. डोळे हलके मिटा, दोन सेकंद तसेच ठेवा, उघडा. पुन्हा हलके मिटा, दोन सेकंद थांबा आणि न उघडता आणखी दोन सेकंद पापण्या एकमेकींवर दाबा. मग उघडा. ही एक फेरी झाली. अशा दहा फेऱ्या एका वेळी कराव्यात, दिवसातून चार-पाच वेळा. दाबायचे ते पापण्यांनीच. कपाळाला आठ्या पडल्या आणि गाल वर चढले तर समजावे की सगळा चेहराच पिळला जातो आहे. जेमतेम दीड मिनिटाचे काम आहे, पण ते पंखा किंवा एसीच्या झोतात बसून केले तर कमावलेले लगेच उडून जाते. स्क्रीनचा मध्य डोळ्यांच्या पातळीच्या १५ ते २० अंश खाली असावा. ६० सेंटिमीटर अंतरावर हे साधारण १६ ते २२ सेंटिमीटर भरते. नजर खाली असली की पापण्यांची फट लहान होते आणि बाष्पीभवन घटते. अनेकांच्या टेबलावर स्क्रीन उंच असते, आणि तेवढी खाली आणल्यानेच निम्मी तक्रार मिटू शकते.

फोकसचा स्नायू आणि वीस-वीस-वीस

जवळचे पाहताना डोळ्यात काय बदलते, यावर बराच काळ वाद होता. १८०१मध्ये थॉमस यंग यांनी स्वतःचा डोळा पाण्याशी भिडवून पारपटलाची म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पटलाची फोकस शक्ती जवळजवळ रद्द केली. तरीही डोळा जवळ-लांब फोकस बदलू शकतो हे त्यांनी दाखवले. म्हणजे बदल आतल्या भिंगात होतो. भिंगाभोवती सिलिअरी स्नायूचे कडे असते. ते आकसले की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगते, तेव्हा जवळचे दिसते. लांबचे पाहताना हा स्नायू सैलावतो. म्हणजे त्याला विश्रांती हवी असेल तर लांब पाहणे हाच मार्ग.

भार मोजायची रीत सोपी आहे: १ या आकड्याला मीटरमधल्या अंतराने भागा, उत्तर डायऑप्टरमध्ये येते. पुस्तक ४० सेंटिमीटरवर असेल तर अडीच डायऑप्टर. फोन २० सेंटिमीटरवर आणला तर पाच. सहा मीटरवर ०.१७, म्हणजे नाहीच्या जमा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहण्याचा नियम अमेरिकी ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अॅन्शेल यांनी १९९०च्या दशकात सुचवला, आणि वीस फूट म्हणजे हेच सहा मीटर. तिन्ही आकडे सारखे आहेत ते लक्षात राहावे म्हणून. त्यांत काटेकोर शास्त्र शोधू नये. खिडकी नसेल तर खोलीचे समोरचे टोकही चालते: तीन मीटरवर भार ०.३३ डायऑप्टर, तोही किरकोळच. नजर वर करून फोनकडे पाहणे मात्र या विश्रांतीत बसत नाही.

फोकस बदलताना तो अडखळत असेल तर जवळ-लांबचा सराव करून पाहावा. लांबचा चष्मा असेल तर तो घालूनच. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. बारीक छपाईचा कागद ४० सेंटिमीटरवर धरा आणि तीन मीटरवर भिंतीला मोठ्या अक्षरांचा कागद लावा. जवळचे एक अक्षर स्पष्ट करा, मग लांबचे, मग पुन्हा जवळचे. एका मिनिटात किती फेऱ्या झाल्या ते मोजा. नंतर दुसरा डोळा, शेवटी दोन्ही मिळून. यात सगळ्यांची चूक एकच होते: अक्षर स्पष्ट होण्याआधीच नजर पुढे निघते. मग फोकसचा सराव राहतो बाजूला आणि नुसती बुबुळे वर-खाली होतात. लांबचे स्पष्ट व्हायला वेळ लागत असेल तर स्नायू सैल सोडत नाही, जवळचे स्पष्ट व्हायला लागत असेल तर तो पकड घेत नाही. ज्या दिशेला उशीर होतो तिकडे घाई न करता थांबावे.

चाळिशी लागल्यावर मात्र हा सराव हातात पुस्तक लांब धरण्याची गरज घालवणार नाही. तिथे दोष स्नायूचा नसतोच. भिंग वयाबरोबर घट्ट होत जाते. स्नायू पुढची अनेक वर्षे इमानाने आकसतो, पण भिंग फुगायला तयार नसते. वाचायचा चष्मा घ्यावा आणि मोकळे व्हावे.

पेन्सिल आणि दोरी

बाहुल्यांमधले अंतर सहा सेंटिमीटर धरले, तर ४० सेंटिमीटरवरच्या अक्षरासाठी दोन्ही डोळ्यांना मिळून सुमारे साडेआठ अंश आत वळावे लागते, आणि २० सेंटिमीटरवर सतरा. काही जणांना ही पकड टिकवता येत नाही. या तक्रारीवर व्यायाम हा पुरावा असलेला उपचार आहे.

घरी सर्वांत जास्त केला जातो तो पेन्सिलचा व्यायाम. पेन्सिलवरचे एक बारीक अक्षर हातभर अंतरावर धरून सावकाश नाकाकडे आणायचे. एकाची दोन दिसली की क्षणभर थांबून ती पुन्हा एक करण्याचा प्रयत्न करायचा, नाहीच जमले तर थोडे मागे न्यायचे. किती सेंटिमीटरवर एकाची दोन झाली ते टिपून ठेवावे. दहा सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत एकच दिसत राहावे, हे ध्येय. दोन दिसत असतानाही पेन्सिल पुढे रेटण्यात काही अर्थ नाही.

२००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ही तक्रार असलेली ९ ते १७ वर्षांची २२१ मुले होती. बारा आठवड्यांनंतर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दर आठवड्याला उपचार आणि जोडीला घरी सराव केलेल्यांपैकी ७३ टक्के बरी झाली किंवा सुधारली. घरी फक्त पेन्सिल केलेल्यांपैकी ४३ टक्के, आणि नकली उपचार मिळालेल्यांपैकी ३५ टक्के. एकट्या पेन्सिलवर भिस्त ठेवणाऱ्यांनी शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०१९च्या पुढच्या चाचणीत डोळे आत वळवण्याची ताकद वाढली, पण वाचून समजण्याचे गुण नकली उपचारापेक्षा जास्त वाढले नाहीत. म्हणून ‘अभ्यास सुधारेल’ असे सांगून कोणी हा उपचार विकत असेल तर सावध असावे.

पेन्सिलपेक्षा जास्त काही सांगते ती दोरी. ऑप्टोमेट्रिस्ट फ्रेडरिक ब्रॉक यांच्या नावाने ती ओळखली जाते. दीड मीटर पांढरी दोरी घ्या, तिच्यात तीन रंगांचे तीन मणी ओवा आणि ३०, ६० व १२० सेंटिमीटरवर बसवा. लांबचे टोक दाराच्या मुठीला बांधा, दुसरे नाकाच्या शेंड्याशी ताणून धरा. आता मधल्या मण्याकडे पाहा. मणी एकच दिसेल, पण दोऱ्या दोन दिसतील आणि नेमक्या त्या मण्यात फुलीसारख्या छेदतील. जवळचा आणि लांबचा मणी प्रत्येकी दोन-दोन दिसतील. घाबरू नका, दोन्ही डोळे काम करत असल्याची हीच खूण आहे. फुली मण्याच्या अलीकडे पडली तर डोळे जास्त आत वळले आहेत, पलीकडे पडली तर कमी. एकच दोरी दिसली तर मेंदूने एका डोळ्याचे चित्र बाजूला टाकले आहे. दोन-चारदा पापण्या मिटा, दोरी किंचित हलवा. तरीही दुसरी दोरी येत नसेल तर सराव थांबवून तपासणी करून घ्यावी. सगळे नीट दिसत असेल तर प्रत्येक मण्यावर पाच-दहा सेकंद थांबत पुढे-मागे जा. जमू लागले की जवळचा मणी दोन-दोन सेंटिमीटर नाकाकडे सरकवा.

आणि चष्म्याचा नंबर?

मोठ्या माणसाचा डोळा मागे-पुढे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. लांबी एक मिलिमीटरने वाढली की अडीच ते तीन नंबरचा मायनस येतो. वाढलेला डोळा कोणत्याही कसरतीने आखूड होत नाही. १९२०मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी बाहेरच्या स्नायूंच्या ताणामुळे नजर बिघडते असा सिद्धान्त मांडून चष्मा सोडायला सांगितले. तो चुकीचा ठरला, तरी व्यायामाने चष्मा घालवण्याचे दावे अजून थांबलेले नाहीत.

‘माझा नंबर तर खरेच कमी झाला’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. काहींचा सिलिअरी स्नायू आकसून अडकलेला असतो आणि तेवढा खोटा मायनस दिसतो. विश्रांतीने तो जातो. म्हणूनच मुलांचा नंबर हा स्नायू सैल करणारे थेंब घालून तपासतात. शिवाय चष्म्याविना राहिले की मेंदू धूसर चित्रातूनच जास्त अर्थ काढायला शिकतो. तक्ता एखादी ओळ पुढे वाचता येतो, पण डोळ्याची लांबी तेवढीच राहते.

लहान मुलांत मायनस येणेच लांबवायचे असेल तर बाहेरचा उजेड कामाला येतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर ठेवले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस आला, इतरांत ३९.५ टक्के. बाहेर म्हणजे मोकळ्या उजेडात, सूर्याकडे बघत नव्हे. सूर्याकडे टक लावल्याने दृष्टिपटलाच्या मध्यालाच भाजल्यासारखी कायमची इजा होऊ शकते. बंद डोळ्यांवर अंगठ्याने दाब देऊन मालिश करण्याची सवयही सोडावी. डोळ्यावर दाब आला की प्रतिक्षिप्त क्रियेने हृदयाचे ठोके मंदावू शकतात, आणि पारपटल पातळ असणाऱ्यांना चोळणे महागात पडते.

अचानक डोळ्यापुढे काळ्या माश्यांचा थवा किंवा विजेसारखे चमकारे दिसू लागले, बाजूने पडदा सरकल्यासारखा वाटला, दुखऱ्या लाल डोळ्याने दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली किंवा कालपर्यंत एक दिसणारे आज एकाएकी दोन दिसू लागले, तर व्यायाम करत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, रात्र असली तरी.