रेचकाने आतडी ‘आळशी’ होतात?

म्हापशाला मावशीच्या फडताळात लॅक्टुलोज या बद्धकोष्ठतेवरच्या रेचकाची बाटली सील न फोडता पडून आहे. ‘एकदा सुरू केलं की आतडी आळशी होतात’ म्हणे! हीच मावशी सोनामुखीचं चूर्ण मात्र बिनधास्त घेते, झाडपाल्याचं म्हणून. खरं तर आतड्यांना डिवचून हलवते ती सोनामुखीच. लॅक्टुलोज आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करतं. सांगितलेल्या मात्रेत त्याने आतडी निकामी होत नाहीत. गुण यायला २ दिवस लागू शकतात, तेवढा धीर धरा. इसबगोल घ्याल तर पेलाभर पाण्यासोबतच, नाहीतर तेच अडकून बसायचं. आणि रोज शौचाला झालीच पाहिजे असंही नाही, आठवड्यातून ३ वेळाही चालतं. शौचातून रक्त, उतरणारं वजन, पोट फुगून उलट्या असं काही असेल तर रेचक ठेवा बाजूला, आधी डॉक्टर गाठा.