विषारी वडी खाल्लेला कुत्रा दोन दिवस ठणठणीत का दिसतो?

पावसाळा लागला की उंदीर घरांकडे आणि गोदामांकडे वळतात आणि जिन्याखाली, वाहनतळाच्या कोपऱ्यात निळ्या-हिरव्या विषारी वड्या ठेवल्या जातात. या वड्यांत धान्याचा भरडा असल्याने कुत्रेही त्या आवडीने खातात. ‘काल वडी खाल्ली, आज तर नीट जेवला, म्हणजे विष लागलेच नाही,’ असे मानून अनेक जण निर्धास्त होतात. भारतात सर्रास विकल्या जाणाऱ्या ब्रोमाडायोलोन या उंदीरनाशकाच्या बाबतीत ही समजूत जिवावर बेतू शकते.

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी 2, 7, 9 आणि 10 या क्रमांकांची चार प्रथिने यकृतात तयार होतात, पण तयार झाल्याबरोबर ती कामाची नसतात. त्यांच्यातील ग्लुटामिक आम्लाच्या काही घटकांना आणखी एक कार्बॉक्सिल गट जोडला गेला, तरच ती कॅल्शियमला धरू शकतात आणि त्याच्या आधाराने जखमेपाशी जमलेल्या रक्तकणिकांच्या (प्लेटलेट्सच्या) पृष्ठभागावर चिकटतात. ही जोडणी करताना के जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण होऊन ते निकामी होते. शरीरात त्याचा साठा अगदी थोडा असतो. म्हणून सोडावॉटरची रिकामी बाटली पुन्हा भरून घ्यावी, तसे एक विकर (एन्झाइम) त्या निकामी रेणूला मूळ रूपात आणते आणि तोच रेणू वारंवार वापरला जातो. ब्रोमाडायोलोन नेमके हे विकर बंद पाडते. पुढे यकृत प्रथिने बनवत राहते, पण ती कॅल्शियम धरू न शकणारी, म्हणजे निरुपयोगी असतात.

विष खाण्यापूर्वी बनलेली चांगली प्रथिने मात्र रक्तात फिरतच असतात. त्यांतील 7 क्रमांकाचे प्रथिन सर्वांत अल्पायुषी असून कुत्र्याच्या रक्तात त्याचे प्रमाण सुमारे 6 तासांत निम्मे होते. बाकीची त्याहून अधिक टिकतात. हा साठा सरेपर्यंत कुत्रा खेळतो, जेवतो, आणि साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हिरड्या पांढुरक्या पडणे, धाप लागणे, काळी शी होणे अशी लक्षणे दिसू लागतात. छातीच्या पोकळीत रक्तस्राव झाला, तर बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही.

म्हणून खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, वेष्टन आणि उरलेली वडी घेऊन पशुवैद्यकाकडे जावे. कुत्र्याचे वजन आणि वडी खाल्ल्याची अंदाजे वेळही सांगावी. पहिल्या दोनेक तासांत अ‍ॅपोमॉर्फिन टोचून उलटी करवता येते आणि नंतर सक्रिय कोळसा देऊन आतड्यातील विष बांधून ठेवता येते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा मात्र घातक प्रकार आहे, कारण उलटी झाली नाही तर रक्तातील सोडियम वाढून झटके येऊ शकतात. दृष्ट काढणे किंवा मोबाइलवर फिरणारा हळद-तुपाचा उतारा यांत हाच मोलाचा वेळ वाया जातो.

वेष्टन नेण्याचे आणखी एक कारण आहे. कणकेत मळून ठेवली जाणारी करड्या-काळ्या रंगाची पूड झिंक फॉस्फाइडची असू शकते आणि तिचा मार्ग सर्वस्वी वेगळा आहे. जठरातील आम्लाशी संयोग होऊन तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, त्यामुळे लक्षणे काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात. पोटात काहीतरी जावे म्हणून भाकरी दिल्यास आम्ल अधिक स्रवते आणि वायूही अधिक सुटतो. या विषावर उतारा नाही. अशा कुत्र्याची उलटी माणसांनाही बाधू शकते, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात.

ब्रोमाडायोलोनवर उतारा आहे, तो म्हणजे के-1 जीवनसत्त्व. बाहेरून भरपूर पुरवठा झाला की बंद पडलेल्या विकरावाचून यकृताचे काम चालते, मात्र नवी प्रथिने पुरेशी होण्यास काही तास लागतात. रक्तस्राव सुरू झालेला असेल, तर तोवर रक्त किंवा रक्तद्रव चढवावा लागतो. के-3 हा कृत्रिम प्रकार येथे उपयोगी पडत नाही. वॉरफरिनसारख्या जुन्या विषांपेक्षा ब्रोमाडायोलोन यकृतात फार अधिक काळ टिकते, त्यामुळे के-1 च्या गोळ्या सहसा तीन ते चार आठवडे, स्निग्ध अन्नासोबत द्याव्या लागतात. शेवटच्या गोळीनंतर 48 ते 72 तासांनी रक्त गोठण्याच्या वेळेची चाचणी करतात आणि ती बिघडलेली आढळली, तर गोळ्या पुन्हा सुरू होतात.