यंत्र वास घेत नाही

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या पानटपरीवर परवा एक तरुण मित्राला धीर देत होता, "दोन वेलदोडे चाव अन् वर पान खा, मशीनला काय घावत न्हाय बघ." बेत कासला मुक्कामाचा होता, म्हणजे यवतेश्वरचा घाट रात्री, दारू पिऊन चढायचा. मी समजावू लागलो, पण त्यांना घाई होती.

वेलदोड्याने फसतं ते माणसाचं नाक. नाकाबंदीत पोलीस फुंकायला देतात ते श्वासातली दारू मोजणारं यंत्र वास घेतच नाही.

पोटातली दारू रक्तात उतरते आणि रक्त फुप्फुसातल्या वायुकोशांपाशी आलं की थोडं इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, वाफ होऊन हवेत मिसळतं. हे प्रमाण ठरलेलं असतं: एक मिलिलिटर रक्तात जेवढं इथेनॉल, साधारण तेवढंच खोल फुप्फुसातल्या 2100 मिलिलिटर हवेत. पोलीस "अजून फुंका, अजून" म्हणतात ते यासाठीच. पहिली फुंकर तोंडातली असते, शेवटची रक्ताची खबर देते.

पुढची करामत मला फार आवडते. यंत्रात एक छोटा इंधन घट, म्हणजे रासायनिक क्रियेतून वीज बनवणारा घट असतो, त्यात प्लॅटिनमचे दोन पत्रे आणि मध्ये आम्ल. पहिल्या पत्र्यावर इथेनॉलचं ऑक्सिडीकरण होऊन अ‍ॅसिटिक आम्ल बनतं, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच. त्यात प्रत्येक रेणूमागे चार इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते तारेतून दुसऱ्या पत्र्याकडे धावतात. चार प्रोटॉन आम्लातून पलीकडे जातात आणि तिथे ऑक्सिजनला मिळून पाणी होतं. तारेतला प्रवाह मोजला की इथेनॉलचे रेणू मोजल्यासारखेच. वेलदोड्याच्या सुगंधाने त्यातला एकही रेणू कमी होत नाही.

मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यांतला एकही उतारा चालत नाही. गाडीला बांधलेली लिंबू-मिरची तर नाहीच नाही. यकृत आपल्याच गतीने, तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅम दारू काढतं. मध्यरात्री 90 असेल तर 30 वर यायला पहाटेचे चार वाजतात. आणि 30 च्या आत आला म्हणून वळणावरचा हात पूर्ण शुद्धीत असतो असंही नाही.

गांजाचं मात्र वेगळं आहे. त्यातलं अमली द्रव्य चरबीत विरघळणारं, ते दारूसारखं वाफ होऊन श्वासात येत नाही, त्यामुळे हे यंत्र तिथे गप्प राहतं. त्यासाठी रक्त किंवा लाळ तपासावी लागते. 2019 च्या दुरुस्तीने नशेत गाडी चालवण्याबद्दलच्या कलम 185 मध्ये श्वासाच्या चाचणीसोबत प्रयोगशाळेतली चाचणीही घातली, ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.