छातीवरचा चंदेरी नेचा

डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर न्यूझीलंडकडून खेळणाऱ्या एजाज पटेलने एकाच डावात भारताचे दहाच्या दहा बळी घेतले. मुंबईत जन्मलेल्या या फिरकीपटूच्या छातीवर जे चंदेरी पान होतं ते एका खऱ्या झाडाचं आहे. हा वृक्षनेचा रानात उगवतो तो फक्त न्यूझीलंडमध्ये. तिथले मूळ रहिवासी माओरी लोक त्याला पोंगा म्हणतात.

दहा मीटरपर्यंत वाढणारा पोंगा लांबून थेट माडासारखा दिसतो. पण त्याला ना फूल, ना फळ, ना बी. खोडात खरं लाकूडच तयार होत नाही, त्यामुळे ते आडवं कापलं तरी वयाची वलयं सापडत नाहीत.

मग याची पिढी पुढे सरकते कशी? पानाच्या पाठीवर बारीक तपकिरी ठिपके असतात, त्यांतून धुळीसारखे बीजाणू उडतात. ओल्या मातीत पडलेल्या बीजाणूतून आधी नखाहून लहान, हिरवा, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा पापुद्रा उगवतो. त्याच्या खालच्या अंगाला नर आणि मादी पेशी तयार होतात. नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून चक्क पोहत मादी पेशीकडे जाते, आणि त्या मीलनातून नेचा जन्मतो. तेवढं पाणीही नसेल, तर सगळं तिथेच थांबतं. मला ही गोष्ट विलक्षण वाटते: एवढा उंच नेचा, आणि त्याचा जन्म थेंबभर पाण्यावर अवलंबून! आपल्याकडे गिरगाव-दादरच्या जुन्या भिंतींवर, विशेषतः गळक्या पाइपाशेजारी नेचे फुटतात ते याच ओलीमुळे. त्यांचं कोवळं पान एकदा जवळून बघा. ते आतल्या आत गुंडाळलेलं असतं आणि सर्वांत नाजूक शेंडा मधोमध सुरक्षित राहतो.

नेच्याच्या याच गुंडाळीला माओरी कलेत कोरू म्हणतात. लाकडी कोरीवकामात आणि गोंदणात ती नव्या जीवनाची खूण असते. एअर न्यूझीलंडच्या विमानांच्या शेपटीवरही कोरूच आहे. पोंगाच्या पानाची पाठ चंदेरी असते. रात्री रानातून जाताना ही पानं उलटी अंथरायची, म्हणजे चांदण्यात वाट उजळते, असं माओरी परंपरा सांगते.

हे पान जर्सीवर आलं ते १८८८-८९ मध्ये, ब्रिटनच्या दौऱ्यावर गेलेल्या रग्बी संघामुळे. त्या संघात बहुतेक खेळाडू माओरी होते, हे आवर्जून सांगायला हवं. पुढे राष्ट्रध्वजावरही हे पान आणायचा प्रस्ताव आला. २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५७ टक्के मतदारांनी जुनाच ध्वज कायम ठेवला.