"फॉरमॅट मार" हा सल्ला आला कुठून?

कॉम्प्युटर स्लो झालाय, मधेच हँग होतो, आपोआप रिस्टार्ट होतो, असं कुणी म्हटलं की पुढच्या दोन मिनिटांत कुणीतरी "अरे फॉरमॅट मार एकदा" म्हणणारच, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाक. गेल्या महिन्यात मावशीच्या घरी परत हेच ऐकलं, तेव्हा वाटलं की या सल्ल्यामागची गोष्ट नीट लिहावी, कारण एकेकाळी तो अगदी बरोबर होता.

विंडोज ९५ आलं २४ ऑगस्ट १९९५ ला, मग ९८. ही दोन्ही दिसायला नवीन पण पोटात बरंच जुनं सामान होतं. खिडक्या, मेनू, आयकॉन यांचा हिशोब ठेवणारे काही कप्पे १६-बिट विंडोजच्या काळातलेच राहिलेले आणि त्यांची मर्यादा एकेकी ६४ केबी. म्हणजे तुम्ही रॅम ३२ एमबी टाका नाहीतर १२८, तो छोटासा कप्पा भरला की मशीन रडायला लागायचं, आणि लोक म्हणायचे एवढी रॅम घातली तरी हा हँग कसा होतो! त्यात एका प्रोग्रामने घोळ घातला तर तो अख्ख्या सिस्टीमला घेऊन बुडायचा, मधली भिंतच कच्ची होती. एप्रिल १९९८ मध्ये खुद्द बिल गेट्स स्टेजवर असताना विंडोज ९८ च्या डेमोत स्कॅनर जोडला आणि सिस्टीम कोसळल्याची निळी स्क्रीन आली, सगळ्या जगाने पाहिलं.

आणखी एक गंमतशीर गोष्ट. ९५ आणि ९८ मध्ये एक मिलिसेकंद मोजणारा काउंटर होता, ३२ बिटचा. तो साधारण ४९.७ दिवसांनी भरून परत शून्यावर यायचा आणि त्यामुळे मशीन गपगार व्हायचं. हे लक्षात यायला कित्येक वर्षं गेली, कारण एवढे दिवस सलग चालू राहायला मशीनला जमायचंच नाही.

मग फॉरमॅटने फरक का पडायचा? कारण प्रत्येक नवीन सॉफ्टवेअर आपल्यासोबत डीएलएल फाइली (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) आणायचं आणि आधीच्यांवर बिनधास्त लिहायचं, एकाचं चालू करताना दुसऱ्याचं मोडायचं. काढून टाकलं तरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची वही) आणि सिस्टीम फोल्डरमध्ये त्याचा कचरा राहायचा. वर्षभरात हे इतकं साचायचं की कुठला धागा कुठे अडकलाय ते शोधण्यापेक्षा सगळं पुसून विंडोज परत टाकणं खरंच स्वस्त पडायचं. कॉम्प्युटरवाला दादा आळशी नव्हता, त्याचं गणित बरोबर होतं.

आपल्याकडे यात अजून भर पडली. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, इथून पार्ट आणून असेंबल केलेले पीसी घराघरात आले, आणि २००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झाल्यावर जो एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटर शिकवणारा कोर्स आला त्याने तर तालुक्याच्या गावीसुद्धा माउस हातात दिला. पण वीज? २००५ च्या पुढेमागे लोडशेडिंग असं होतं की यूपीएस नसेल तर फाइल लिहिता लिहिता मशीन बंद. डिस्कवर फाइली मांडायच्या जुन्या फॅट पद्धतीत हार्ड डिस्कला अर्धवट राहिलेल्या कामाची नोंदच ठेवता यायची नाही, म्हणून चालू केल्यावर ती डिस्क तपासणाऱ्या स्कॅनडिस्कची निळी पट्टी सरकत बसायची. पुढे विंडोज एक्सपीसोबत घरोघरी आलेल्या एनटीएफएस या नव्या पद्धतीत ही नोंद असते, तिथे हा त्रास बराच कमी झाला. आणि सी ड्राइव्हवर विंडोज, डी वर फोटो आणि गाणी ही आपली मांडणी, ती तरी कशासाठी? सी उडवला तरी लग्नाचे फोटो वाचावेत म्हणून.

एक्सपी आलं २५ ऑक्टोबर २००१ ला. त्याचा गाभा विंडोज एनटी या ऑफिसांसाठीच्या वेगळ्या शाखेचा, म्हणजे मधली भिंत पक्की. खरं तर इथेच फॉरमॅटची गरज कमी व्हायला हवी होती, पण तेवढ्यात व्हायरस घरात शिरले. कित्येकांकडे विंडोजची कॉपी सीडी, त्यामुळे अपडेट बंदच ठेवलेले, आणि ऑगस्ट २००३ मध्ये नेटवरून पसरणारा ब्लास्टर व्हायरस आला तेव्हा नेट जोडलं की ६० सेकंदांचं काउंटडाउन सुरू होऊन पीसी रिस्टार्ट. नंतर पेनड्राइव्हचे व्हायरस, सायबर कॅफेत प्रिंट काढून आणली की घरच्या मशीनमधून फोल्डर ऑप्शनच गायब. क्विक हील हे अँटीव्हायरसचं नाव घराघरात पोचलं ते याच काळात, आणि मला त्याचा अभिमान वाटतो कारण ते पुण्याचं, ते उभं करणाऱ्या कैलाश काटकरांनी सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून केलेली.

आता एक आमच्या घरची गोष्ट, जिच्यामुळे मला या विषयाची ओढ लागली. २००४ मध्ये घेतलेला पीसी दीड वर्षात आपोआप बंद व्हायला लागला. दुकानात नेला, फॉरमॅट. परत तेच, परत फॉरमॅट. तीनदा. चौथ्यांदा एका वयस्कर टीव्ही मेकॅनिकने कॅबिनेट उघडलं आणि मदरबोर्डवरच्या कॅपॅसिटरकडे (वीज साठवणारे छोटे डबे) बोट दाखवलं, डोकी फुगलेली, एकातून तपकिरी काहीतरी गळालेलं. त्या वर्षांत जगभर आतलं रसायन (इलेक्ट्रोलाइट) खराब असलेले कॅपॅसिटर बाजारात आले होते आणि हजारो बोर्ड असेच गेले. ते कितीही फॉरमॅट मारून बरे होणार नव्हते. स्लो होणं आणि अचानक बंद पडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. अचानक बंद पडतो तेव्हा आधी पॉवर सप्लाय, धूळ, गरम होणं, रॅम हे बघायचं. रॅमचे पाय खोडरबरने घासायची आपली पद्धतही उगाच नाही हां, कोकणात मुंबईत दमट हवेने तिथे थर चढतो आणि कॉन्टॅक्ट सुटतो.

स्लोचं कारण मात्र बहुतेकदा हार्ड डिस्क. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा घ्यायला ८ मिलिसेकंदांच्या वर घेते, वर सुई इकडून तिकडे जायचा वेळ वेगळा, आणि विखुरलेली फाइल गोळा करायला असे शेकडो फेरे. डीफ्रॅग या विंडोजच्या सोयीमुळे तुकडे एकत्र यायचे म्हणून फरक जाणवायचा. हार्ड डिस्कच्या जागी आता चिपवाली एसएसडी आली, तिच्यात फिरणारं काही नाहीच, तिथे जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग करून फायदा नाही, उगाच लिहिणं वाढतं.

मावशीच्या पीसीवर टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के, सीपीयू आणि रॅम निवांत. हार्ड डिस्क मरायला टेकलेली. आधी फोटो दुसरीकडे काढले, मग एसएसडी लावून जुनी डिस्क तशीच्या तशी क्लोन केली, काहीही न पुसता. आता चालू व्हायला पंधरा-वीस सेकंद लागतात. पण त्यावर विंडोज १० आहे आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्या बोर्डवर नाही, तेव्हा तिला आता लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम दाखवून बघणार आहे, तिला लागतं तरी काय, ब्राउझर आणि भजनं.