चिपचा कारखाना सिराक्यूसला कसा आला: तीन दारं, एक खिडकी आणि कागदांचा क्रम

1950 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूस शहरात 2 लाख 20 हजार माणसं राहत होती. 2020 च्या जनगणनेत उरली 1 लाख 48 हजार. एसी बनवणारी कॅरियर कंपनी 1937 मध्ये इथे आली आणि 2004 मध्ये तिचं इथलं उत्पादन बंद पडलं. गिरणगाव पाहिलेल्याला पुढचं सांगायला नको. याच शहराच्या उत्तरेला क्ले नावाचं गाव आहे. तिथे 20 वर्षांत 100 अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक करून मेमरी चिपचे कारखाने उभारू, असं मायक्रॉन या अमेरिकी चिप कंपनीने ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर केलं. भूमिपूजन व्हायला जानेवारी 2026 उजाडला. मधली सव्वातीन वर्षं बरीचशी कागदांत गेली. ते कागद कोणते आणि कुठे द्यायचे, ते पाहू.

आधी क्रम समजून घ्या

सरकारी मदतीची तीन दारं आहेत: काउंटी (आपला जिल्हा समजा), राज्य आणि केंद्र. पैसा सर्वात जास्त केंद्राकडे, म्हणून सगळे तिकडेच धावतात आणि तिथेच फसतात. चिप कारखान्यांना मदत देणाऱ्या केंद्राच्या 2022 च्या चिप्स कायद्यात स्पष्ट अट आहे की राज्याने किंवा स्थानिक संस्थेने सवलत देऊ केलेली नसेल, तर कंपनी केंद्राच्या अनुदानाला पात्रच ठरत नाही. म्हणजे फाइल खालून वर जाते.

पहिलं दार: जागा

इथे खरा अर्जदार कंपनी नसते, गावच असतं. सिराक्यूस आणि क्ले ज्या काउंटीत येतात, त्या ऑनोंडागा काउंटीने मायक्रॉनचं नाव कुठे नसताना 'व्हाइट पाइन कॉमर्स पार्क' नावाने जमीन जमवायला घेतली होती. बर्नेट रोडवरची घरं एकेक करून विकत घेतली आणि जागा सुमारे 1400 एकरांपर्यंत नेली. आपल्याकडे एमआयडीसी आधी जमीन घेऊन प्लॉट पाडते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे प्लॉट एकच आणि गिऱ्हाईकही एकच लागणार होतं.

कंपनीला काउंटीच्या औद्योगिक विकास संस्थेकडे मालमत्ता कराच्या सवलतीसाठी अर्ज करावा लागतो. सोबत पर्यावरण परिणामांचा अहवाल लागतो, त्यावर जनसुनावणी होते. सवलत मंजूर झाली तरी कर शून्य होत नाही. कराच्या जागी ठरलेली रक्कम वर्षानुवर्षं भरायचा करार होतो. पाणथळ जमीन बुजवायची असेल तर लष्कराच्या अभियंता विभागाचा परवाना वेगळा. यात एक गंमत आहे. या भागातल्या झाडांवर संरक्षित जातींची वटवाघळं उन्हाळ्यात मुक्काम करतात, म्हणून झाडं तोडायची ती नोव्हेंबर ते मार्च याच काळात. मार्चअखेर हुकली की काम थेट पुढच्या हिवाळ्यावर. शंभर अब्जांच्या वेळापत्रकाला वटवाघळं अशी वेसण घालतात.

दुसरं दार: राज्याची 'ग्रीन चिप्स' योजना

ऑगस्ट 2022 मध्ये न्यूयॉर्कने ही योजना कायद्यात आणली. 20 वर्षांसाठी 10 अब्ज डॉलर. पात्रतेचा उंबरा उंच आहे: किमान 3 अब्ज डॉलर गुंतवणूक आणि किमान 500 नोकऱ्या. अर्ज एम्पायर स्टेट डेव्हलपमेंट या राज्य संस्थेकडे करायचा. गुंतवणुकीचं वर्षवार वेळापत्रक, पदं आणि पगार, हरितगृह वायू कमी करण्याचा आराखडा, स्थानिक लोकांसाठी काय करणार याची लेखी हमी, असा तो गठ्ठा असतो. मायक्रॉनला यातून 5.5 अब्ज डॉलरपर्यंत कबूल झाले. पण ही रक्कम हातात पडत नाही. आधी गुंतवणूक आणि भरती दाखवायची, मगच करसवलत मिळते. नोकऱ्या कमी भरल्या तर सवलतही कमी. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातली हीच अट सर्वात शहाणपणाची आहे.

तिसरं दार: केंद्राचं अनुदान

कारखान्यांसाठी 39 अब्ज डॉलर, अर्ज वाणिज्य खात्याच्या चिप्स कार्यालयाकडे. 28 फेब्रुवारी 2023 ला अर्ज मागवले गेले. आता यातला बहुतांश पैसा वाटपात बांधला गेला आहे, तरी पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

सुरुवात इरादापत्राने. ते मुख्य अर्जाच्या किमान 21 दिवस आधी पोचलं पाहिजे. मग हवा तर पूर्वअर्ज. तो ऐच्छिक आहे, पण चुका तिथेच कळलेल्या बऱ्या. त्यानंतर मुख्य अर्ज, अटींचा प्राथमिक मसुदा (कोणावरही बंधनकारक नाही), कसून छाननी आणि शेवटी करार. मायक्रॉनचा मसुदा एप्रिल 2024 मध्ये झाला आणि अंतिम करार डिसेंबर 2024 मध्ये: न्यूयॉर्क आणि आयडाहो मिळून 6.165 अब्ज डॉलरपर्यंत. थेट अनुदान साधारण प्रकल्प खर्चाच्या 5 ते 15 टक्के आणि सगळी मदत धरून 35 टक्क्यांच्या आत, असा अंदाज सरकारने आधीच देऊन ठेवला होता.

कागदांत सर्वात मोठं काम आर्थिक प्रारूपाचं. अनुदान नसेल तर प्रकल्प का होत नाही, हे त्यातल्या आकड्यांनी पटवावं लागतं आणि पुढे पुन्हा मदत न मागता कारखाना कसा चालेल हेही. त्याशिवाय राज्याच्या सवलतीचा पुरावा, पर्यावरणाची प्रश्नावली, बांधकामावरच्या कामगारांना प्रचलित दराने मजुरी देण्याची हमी आणि प्रशिक्षण देणाऱ्या कॉलेजांची वचनपत्रं. पंधरा कोटी डॉलरपेक्षा जास्त मागितलेत तर कामगारांच्या मुलांच्या पाळणाघराची योजनाही जोडायची. पाळणाघर पाहून अनेकांनी भुवया उंचावल्या. पण कारखाना तीन पाळ्यांत चालवायचा तर मुलं कुठे ठेवायची, याचं उत्तर कुणीतरी द्यायलाच हवं.

बंधनंही सोपी नाहीत. हे पैसे स्वतःचे शेअर परत विकत घ्यायला वापरता येत नाहीत. चीनमध्ये मोठा विस्तार करायचा नाही, ही अट दहा वर्षांची. मोडली तर अनुदान परत. अपेक्षेपेक्षा फार जास्त नफा झाला तर त्यातला वाटा सरकारला.

आणि एक खिडकी

या तीन दारांपेक्षा केंद्राच्या करखात्याची खिडकी मला जास्त कामाची वाटते, कारण तिथे स्पर्धा नाही. नियमात बसलात की मिळतं. चिप किंवा चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या कारखान्याला गुंतवणुकीच्या 25 टक्के करसवलत होती. जुलै 2025 च्या कायद्याने, 2025 संपल्यानंतर वापरात आलेल्या मालमत्तेसाठी ती 35 टक्के झाली. कारखान्याला नुसती रसायनं किंवा वायू पुरवणारेही यात बसतात, हा गैरसमज फार पसरलेला आहे; ते बसत नाहीत.

तेवढा कर लागत नसेल तर सवलत रोखीनेही घेता येते. त्यासाठी आधी करखात्याच्या पोर्टलवर नोंदणी करून क्रमांक घ्यायचा, मग विवरणपत्रासोबत फॉर्म 3468 आणि फॉर्म 3800 जोडायचे. क्रमांक नसेल तर रोख नाही. नोंदणी विवरणपत्राच्या मुदतीच्या चारेक महिने आधी केलेली बरी, कारण शंका आल्या तर पत्रव्यवहारात वेळ जातो. आणि बांधकाम 31 डिसेंबर 2026 पर्यंत सुरू झालेलं हवं. त्यानंतर सुरू झालेल्या कामाला ही खिडकी बंद.